१४ महिने शिकतोय, पान एकही नाही

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे वाचक ४६ वर्षांचे आहेत. वीस-बावीस वर्षं छापखान्यात डीटीपी, म्हणजे छपाईच्या मजकुराची संगणकावर जुळणी, करतात. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, वर्षातून एखादा दिवाळी अंक. वडील त्याच गावात जुळारी (छापायचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारे) होते. पायाने चालणारं ट्रेडल मशीन, खिळे ठेवायच्या कप्प्याकप्प्यांच्या केसी, शाईचा वास यांत बालपण गेलं. त्या आठवणी, जुन्या पत्रिका, गावातल्या बंद पडलेल्या छापखान्यांच्या हकिगती अशी चाळीसेक टिपणं त्यांनी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाईप करून ठेवली आहेत. त्यांचा ब्लॉग काढायचा आणि तो स्वतःच डिझाइन करायचा, असं मनात आहे. त्यासाठी गेले १४ महिने रात्री जेवणानंतर व्हिडिओ बघून वेब डिझाइन शिकताहेत. दोन कोर्स अर्धवट सुटले, तिसऱ्याचे पैसे भरलेत. पान मात्र एकही चढलेलं नाही. "कॉम्प्युटरवर नीट दिसतं ते फोनवर फुटतं. अर्धवट काम लोकांसमोर ठेवायची सवय नाही. एकदा पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली होती, ५०० पत्रिका पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिल्या," असं ते लिहितात. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, मामा, एआयला सांगा, पाच मिनिटांत साइट करून देईल. बायको विचारते, यातून काही मिळणार आहे का? छापखान्यातली कामं दरवर्षी कमी होताहेत. आता आधी सगळं नीट शिकून घ्यावं, भाच्याचं ऐकावं, की या वयात हा नाद सोडावा?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा मांडणीसाठी. पीडीएफ करून पाठवलंत. चारी बाजूंना समास, परिच्छेदांमध्ये मोजून सोडलेली जागा, पानाच्या डोक्यावर एकही ओळ एकटी पडलेली नाही. आणि या अशा पानावर वाक्य काय, तर "डिझाइनमधलं मला काहीच येत नाही". आपला मतभेद इथूनच सुरू होतो.

तुम्हाला कोड येत नाही, हे खरं. पण कुठला मथळा किती मोठा, कुठे मोकळं सोडायचं, डोळा आधी कशावर पडेल हे तुमच्या हातात मुरलेलं आहे. वेब डिझाइन शिकायला आलेली विशी-बाविशीची मुलं कोड महिन्याभरात उचलतात आणि मोकळी जागा सोडायला पुढची पाच वर्षं घाबरतात. तुमचं उलट आहे, आणि माझ्या मते उलट असलेलं बरं.

तुमच्या अडचणीचं मूळ मला त्या ५०० पत्रिकांमध्ये दिसतं. छापखान्यात चूक म्हणजे कागद, शाई, मजुरी आणि वर गिऱ्हाइकाची बोलणी. म्हणून प्रूफ (तपासायची प्रत), दुसरं प्रूफ, सही, आणि मगच छपाईची प्लेट. ही शिस्त सोन्यासारखी आहे, पण ती ज्या कारणासाठी आली ते कारण वेबवर नाहीच. तिथे मुहूर्ताची वेळ चुकली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते आणि पुढच्या वाचकाला बरोबर वेळच दिसते. तुम्ही वेबचं पान प्लेटवर चढवायचं असल्यासारखे त्याच्याभोवती फिरताय. ते पान कायमच प्रूफ असतं.

तुमच्याच एका टिपणात (नमुना म्हणून जोडलेल्या तिसऱ्या) लिहिलंय, की वडिलांच्या केसीत 'ळ' नेहमी कमी पडायचा. मग ते त्या जागी दुसराच एखादा खिळा उलटा लावून जागा धरून ठेवायचे, काम पुढे न्यायचे, आणि दुसरीकडचा मजकूर सुटून 'ळ' मोकळा झाला की बदलायचे. वडिलांनी एका 'ळ'साठी अख्खी गॅली (जुळवलेल्या खिळ्यांचं ताट) अडवून धरली नाही. तुम्ही १४ महिने ती अडवून धरलीय.

तेव्हा पहिली गोष्ट. तिसऱ्या कोर्सचे पैसे परत मिळत असतील तर घ्या, नसतील तर सोडून द्या. येत्या रविवारी सकाळी नोटपॅड उघडा. एक मथळा, तीन परिच्छेद, एक फोटो. फाइल एचटीएमएल (वेबचं पान लिहायची भाषा) म्हणून सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. याला लागणाऱ्या खुणा (टॅग) दहाच्या आत आहेत, तुम्हाला त्या सगळ्या आधीच माहीत असणार. मात्र फाइलच्या सुरुवातीला तीन ओळी हव्यातच. पहिली, अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची. ती नसेल तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसू शकते. दुसरी, पानाची भाषा मराठी असल्याची. हिचा संकेत 'एमआर' असा दोन अक्षरी आहे. ही ओळ पुष्कळ मराठी साइटवाले टाकत नाहीत. पण काही फॉन्टांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं याच ओळीमुळे जागी होतात, नाहीतर हिंदी वळणाची दिसतात. तुमच्यासारख्या माणसाला 'ल' चुकीच्या वळणाचा दिसला तर रात्री झोप येणार नाही, म्हणून सांगितलं. तिसरी ओळ व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत बसव असं फोनला सांगणारी. ती नसली की फोन तुमचं पान मोठ्या पडद्याचं समजून आक्रसून दाखवतो.

आता "फोनवर फुटतं" याबद्दल. एक प्रयोग करा. त्याच पानावरची सगळी सीएसएस, म्हणजे मांडणीच्या सगळ्या सूचना, काढून टाका आणि फोनवर बघा. दिसायला ओबडधोबड असेल, मोठा फोटो बाहेरही जाईल, पण मजकूर फुटणार नाही. मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप खाली वाहत जाईल. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली चढवलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ आजच्या फोनवरही वाचता येतं ते याच कारणाने. (पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या २००३ सालच्या फाइली उघडतात का हो?) म्हणजे पान मुळात धड असतं. आपण त्याला ९०० पिक्सेलची चौकट ठोकतो, फोटो डावीकडे अमुक इतका सरकवतो, आणि ते फोडतो.

छापखान्यात कागदाचा आकार आधी ठरतो आणि मग मांडणी. वेबवर कागद वाचक घेऊन येतो. कुणाचा फोन, कुणाचा टॅब, कुणी अक्षर दुप्पट मोठं करून वाचणारे आजोबा. त्यामुळे "ही ओळ इथेच तुटली पाहिजे" हा हट्ट सोडायला लागतो. पेजमेकरवर हात बसलेल्या माणसाला कोड शिकण्यापेक्षा हे जड जातं, याची मला कल्पना आहे. वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी २०१० साली अशा लवचीक मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिलं. त्यातली मुख्य युक्ती साधी आहे: रुंदी मोजून ठोकायची नाही, जास्तीत जास्त किती चालेल तेवढंच सांगायचं. आधी फोनपुरतं पान जमवा, मग मोठ्या पडद्याचा विचार करा. तुम्ही उलट दिशेने येताय.

छपाईतल्या ज्या सवयी देवनागरीत अंगाशी येतात त्याही सांगून ठेवते. मथळ्याची अक्षरं विरळ करायची सूचना देऊ नका, शिरोरेषा तुटून अक्षरं सुटी पडतात. इंग्रजी साइटवरची मांडणी उचलताना ही सूचना नकळत येते, तेव्हा शोधून काढून टाका. परिच्छेद दोन्ही बाजूंनी सरळ करायची तुमची सवय फोनवर सोडा. अरुंद ओळीत 'विद्यार्थ्यांच्याबरोबर'सारखा एखादा लांब शब्द आला की उरलेल्या शब्दांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडे मोकळं, बस. तिरपी अक्षरं नकोत; बहुतेक देवनागरी फॉन्टांना तिरपा जोड नसतो, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडं करतो. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोन पट तरी ठेवा, कारण आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा दोन्हीकडून पसारा. अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको. फॉन्ट मोफत आणि चांगले मिळतात: मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त', किंवा खास मराठी वळणांचा तिरो देवनागरी मराठी. दोन फॉन्ट पुरे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. पाच फॉन्ट लावलेत तर गावातल्या नेटवर पान उघडेपर्यंत वाचक चहा करून येईल.

श्रीलिपीतल्या टिपणांचं काम मात्र कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही. जुन्या फॉन्टात टाईप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून फॉन्ट देवनागरीचा अंगरखा घालतो. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला काहीच कळत नाही, आणि गावाचं नाव शोधणाऱ्याला तुमचा लेख कधी सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, बदलून देणारी साधनं आहेत, पण बदललेल्या मजकुराचं मुद्रितशोधन करावंच लागतं. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार पुढेमागे होतात, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ सालीच आलेलं असल्यामुळे जुनी साधनं त्याऐवजी 'अ'वर चंद्र जोडून देतात. चाळीसच्या चाळीस टिपणं एकदम घेऊ नका. आवडती पाच काढा. बाकीची महिन्याला एक.

ब्लॉग कुठे ठेवायचा हा प्रश्न तुम्ही शिकण्याशी बांधून टाकलाय. त्यामुळे दोन्ही अडकलीत. ते सोडवा. लिहिणं आजपासून सुरू होऊ शकतं, डिझाइन मागून येईल. ब्लॉगर मोफत आहे, १९९९पासून चालू आहे, आणि त्याच्या थीमची सीएसएस तुम्हाला हवी तशी बदलता येते. शिकायला ते उत्तम मैदान आहे: रविवारी दुपारी एकच गोष्ट बदलायची, मथळ्याचा आकार किंवा समास, आणि फोनवर बघायचं. बदलायच्या आधी जुन्या थीमची प्रत ठेवा. वर्डप्रेसमध्ये सोयी जास्त, पण स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलंत तर अपडेट आणि प्लगइनची देखभाल मागे लागते. तुमचा जीव लिहिण्यात आणि अक्षरांत आहे, म्हणून ते आत्ता नकोच. तिसरा मार्ग हातानं लिहिलेल्या साध्या पानांचा. गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ती फुकट ठेवता येतात. माझा अंदाज, वर्षभरात तुम्ही स्वतःच तिकडे वळाल. पण सुरुवात तिथून केलीत तर आणखी १४ महिने फक्त गिट (फाइलींमधले बदल नोंदवणारं साधन) शिकण्यात जातील. जावास्क्रिप्टचं (पान हलतं करणाऱ्या भाषेचं) नावही पहिलं वर्ष काढू नका. वाचायच्या लेखांना ती लागत नाही.

ब्लॉगरवर मराठी मथळा दिला की लेखाच्या पत्त्यात मथळा येत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि आकडा येतो. देवनागरी पत्ता देता आला तरी तो व्हॉट्सॲपवर चिकटवताना टक्केचिन्हांची हातभर शेपूट होऊ शकते. म्हणून प्रसिद्ध करायच्या आधीच रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता स्वतः टाका, आणि पुढे तो बदलू नका. पत्ता बदलला की लोकांनी जपून ठेवलेले सगळे दुवे मेले. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच याबद्दल कळकळीने लिहून ठेवलंय, तरी सरकारी आणि खासगी दोन्ही साइटवाले दर दोन वर्षांनी तेच करतात.

प्रत्येक लेखाची साध्या मजकुराची फाइल घरच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर असू द्या. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी घरची पानं बांधली होती. याहूने १९९९ मध्ये ती विकत घेतली आणि २००९ मध्ये बंद केली. ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांचं लिखाण गेलं, काही इंटरनेट आर्काइव्हसारख्यांनी वाचवलं तेवढंच उरलं. स्वतःचं डोमेन (साइटचा खास पत्ता) घेतलंत तर पहिल्या वर्षाची सवलत बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. माझं स्वतःचं डोमेन असंच गेलं. सूचना येत होत्या त्या मी वापरणं सोडलेल्या ईमेलवर. आता त्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसतात आणि जुन्या ओळखीचे लोक मला फोन करून विचारतात, तुमचं बरं चाललंय ना?

भाचा खोटं सांगत नाहीये. एआय पाच मिनिटांत साइट देतं आणि ती बरीचशी चालतेही. पण ती चुकली तर कुठे चुकली हे तुम्हाला कळलं पाहिजे, आणि एवढ्यापुरतं तुम्हाला आधीच बरंच येतं. एआयकडून साइट करून घेऊ नका, समजावून घ्या. ही ओळ काय करते, ती काढली तर काय होईल, फोनवर फोटो बाहेर का जातोय, असे प्रश्न विचारा. एकदम पन्नास ओळी बदलून आल्या तर नको म्हणा, एकेक मागा. नवशिक्या ऑपरेटरनं टाईप केलेला मजकूर तुम्ही न वाचता छापला असता का? तसंच. शिवाय दुसऱ्याचं आवडलेलं पान समोर उघडून कंट्रोल आणि यू दाबलंत की त्याचा सगळा कोड दिसतो. एफ-१२ दाबून त्याची सीएसएस तिथल्या तिथे बदलून बघता येते, मूळ पानाला धक्का लागत नाही. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या एमडीएन या साइटवर प्रत्येक खुणेची माहिती फुकट आहे. या तिन्हींवर शिकून झाल्यावर कोर्सला पैसे भरायचे असतील तर भरा. आणि भाच्याला पहिला वाचक करा. त्याच्या फोनवर पान कसं दिसतं ते विचारा. मामाला शिकवताना तोही थोडा हळू बोलायला शिकेल.

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, त्यांना "छंद आहे" एवढ्यावर गप्प करू नका. ब्लॉगवरच्या जाहिरातींतून घर चालेल, असं मला वाटत नाही. पण वार्षिक अहवाल तुमच्याकडून छापून घेणारी पतसंस्था, शाळा, देवस्थान यांना आज ना उद्या मराठीत नीट वाचता येणारं पान लागणार आहे. तालुक्याच्या गावात देवनागरी जाणणारा आणि वेबचं पान उभं करणारा माणूस सहज सापडत नाही. तुमचा ब्लॉग हा त्या कामाचा नमुना होऊ शकतो. पण आधी सहा महिने फक्त स्वतःचं चालवा. आणि पहिलं काम आलंच, तर बांधणीचे पैसे वेगळे आणि वर्षाच्या देखभालीचे वेगळे, डोमेन संस्थेच्या नावावर, हे कागदावर घ्या. पत्रिका दिली की व्यवहार संपतो. साइट दिली की चेअरमनचे फोन सुरू होतात.

ब्लॉग चालू ठेवण्याबद्दल फार सांगायची गरज नाही. ज्या माणसाने कुणी न सांगता चाळीस टिपणं लिहिली त्याला विषय पुरवावे लागत नाहीत. दर आठवड्याचा वायदा करू नका, महिन्याला एक लेख पुरे. लग्नसराईत आणि दिवाळी अंकाच्या हंगामात तोही चुकला तर माफी मागणारा लेख लिहू नका. मराठी ब्लॉगांवर शेवटचा लेख बहुधा "बरेच दिवस लिहिणं झालं नाही" असाच असतो. फोनवरचा फोटो चार-पाच एमबीचा तसाच चढवू नका; रुंदी १२०० पिक्सेल करा, दीडदोनशे केबीत बसतो. फोटोच्या खुणेत दृष्टिहीनांच्या यंत्राला वाचता येईल असं एका ओळीचं वर्णन द्या. जुन्या लग्नपत्रिकांचे फोटो लावताना नावं आणि घरचे पत्ते झाका, माणसं अजून त्याच गावात आहेत.

ज्यांना छापखाना माहीत नाही अशा वाचकांची पत्रंही याच चालीची येतात: पाककृती लिहिणाऱ्या ताई, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे निवृत्त शिक्षक. सगळेच "आधी शिकतो, मग सुरू करतो" म्हणतात. त्यांनीही रविवारचा तो नोटपॅडचा प्रयोग करून बघावा, तासाभराचं काम आहे.

पहिला लेख मात्र वडिलांच्या 'ळ'चाच करा. केसीचा फोटो तुमच्याकडे नाही असं लिहिलंय, तर फोटोच्या जागी 'फोटो मिळाल्यावर लावतो' एवढंच लिहून लेख चढवा. वाचून गावातलाच कुणीतरी माळ्यावरची जुनी केस काढून दाखवेल, असं मला आपलं वाटतं. दुवा पाठवा. 'ल'चं वळण मी आधी बघणार आहे.